छोट्या इंजिनाचे वंगण : अभ्यास आणि अनुभव

आमच्या वस्तीतील जयंतीच्या मिरवणुकीत 2019 साली घडलेला एक प्रसंग प्रथम सांगणे आवश्यक वाटते. रथावरील रोषणाईसाठी समाजातील एका तरुणाचे भाड्याचे जनरेटर हातगाडीवर ठेवले होते. पतपेढीचे कर्ज काढून त्याने ते घेतले होते. लग्नसराई, जयंती, धम्मचक्र प्रवर्तन दिन अशा कार्यक्रमांवर त्याचे घर चालत असे. रस्ता चढाचा लागला आणि हातगाडी कलली की यंत्र बंद पडे. सपाटीवर आले की पुन्हा सुरू होई. दोन-तीन वेळा असे झाल्यावर गर्दीतील एका जाणकाराने इंजिनाच्या बुडाजवळची एक पिवळी वायर काढून टाकली. त्यानंतर यंत्र बंद पडले नाही. दिवे झगमगत राहिले आणि त्या जाणकाराचे कौतुकही झाले. तासाभराने मोठा खडखडाट होऊन सगळीकडे अंधार पसरला. कनेक्टिंग रॉड तुटून इंजिनाची भिंत फोडून बाहेर आला होता आणि उरलेसुरले ऑइल हातगाडीच्या फळ्यांवर सांडले होते.

ती पिवळी वायर म्हणजे ऑइलची पातळी घसरल्यास इंजिन बंद करणाऱ्या फ्लोट स्विचची वायर होय. आम्हीही त्या गर्दीत उभे होतो आणि त्या क्षणी ती वायर कशाची हे आम्हालाही सुचले नाही, हे कबूल केले पाहिजे. त्या तरुणाचे कर्ज पुढे दोन वर्षे फिटले नाही. प्रस्तुत लेख लिहिण्याचे कारण हेच.

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी 1942 साली व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांना अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांविषयी जे निवेदन दिले, त्यात सरकारी छापखाने व रेल्वेचे कारखाने येथे आपल्या मुलांना तांत्रिक शिक्षणाची सोय मिळावी अशी मागणी आहे. कारकुनीच्या बरोबरीने कारखान्याचे दारही उघडले पाहिजे, हा त्यामागील विचार. आज आपली कितीतरी मुले आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिकचा अभ्यासक्रम पूर्ण करतात. कोणी शेतावरचे पंप सांभाळतो, कोणी रसवंतीचे इंजिन चालवतो, कोणी सिमेंटचा मिक्सर. या सर्वांच्या हाती असते ते एक सिलिंडरचे छोटे इंजिन. मोटारीच्या इंजिनात ऑइलचा पंप असतो, फिल्टर असतो आणि दाब कमी झाला की लाल दिवा लागतो. छोट्या इंजिनात यांपैकी पुष्कळदा काहीच नसते. तेथे पंप, फिल्टर आणि लाल दिवा या तिन्हींचे काम चालवणाऱ्या माणसालाच करावे लागते.

वंगण म्हणजे काय, हे आपल्या वाडवडिलांना बैलगाडीमुळे ठाऊक होते. आसाला वंगण नसले की चाक करकरते आणि बैल दमतो. परंतु वंगण नेमके काय करते, याचा शोध मात्र फार उशिरा लागला, आणि तोही जवळजवळ अपघाताने. बोशॉम्प टॉवर नावाचे इंग्रज अभियंते रेल्वेच्या डब्यांच्या बेअरिंगवर प्रयोग करीत होते. त्यांचा पहिला अहवाल 1883 साली लंडनच्या मेकॅनिकल इंजिनिअरांच्या संस्थेपुढे आला. बेअरिंगच्या पितळेला वरच्या बाजूने ऑइल सोडण्यासाठी त्यांनी एक भोक पाडले, तर यंत्र फिरू लागताच त्या भोकातून ऑइल उलट वर येऊ लागले. त्यांनी बूच मारले, ते उडाले. लाकडी खुंटी ठोकली, तीही बाहेर ढकलली गेली. शेवटी दाबमापक बसवला तेव्हा काटा चौरस इंचाला 200 पौंडांच्या पुढे गेला. आणि बेअरिंगवरचा भार तर सरासरी 100 पौंडच होता. बाहेरून पंप लावलेला नसताना हा दाब आला कोठून? मँचेस्टरचे प्राध्यापक ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी 1886 साली त्याचे गणित मांडले. फिरणारा दांडा ऑइलला आपल्याबरोबर ओढत नेतो. भार असलेल्या बाजूला फट अरुंद होत जाते. त्या अरुंद फटीत ऑइल कोंबले जाऊन दाब निर्माण होतो आणि दांडा त्या दाबावर तरंगतो. लोखंड धातूला शिवतच नाही. मध्ये असतो काही मायक्रॉन जाडीचा पडदा. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन जाड असतो, यावरून तो पडदा किती पातळ असेल याची कल्पना करावी.

यातून विद्यार्थ्यांनी तीन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवाव्यात. पडदा टिकायला गती हवी, ऑइलला पुरेसा घट्टपणा हवा, आणि ऑइल तेथपर्यंत पोहोचत राहायला हवे. गती नसते ती सुरू करताना व बंद करताना. शिवाय पिस्टन प्रत्येक फेऱ्यात वर व खाली क्षणभर थांबतो तेव्हाही. म्हणूनच जुन्या सिलिंडरमध्ये बोट घातले तर वरच्या टोकाला कड लागते. रिंग तेथे थांबते, ज्वाळेची आच तेथेच सर्वांत जास्त, आणि पडदा तेथेच फाटतो.

बेअरिंगमध्ये ऑइलसाठी जास्तीच्या चऱ्या पाडण्याची काही मिस्त्रींना फार हौस असते. 'जितक्या चऱ्या तितके वंगण' असा समज असतो. टॉवरच्या भोकाने जे केले तेच या चऱ्या करतात. भार असलेल्या अर्ध्या भागात चर पाडली की तयार झालेला दाब तेथूनच निसटतो व दांडा खाली बसतो. ऑइल भार नसलेल्या बाजूने आत द्यावे. मूळ कारखान्याने चर दिली नसेल तर आपण ती देऊ नये.

आता प्रत्यक्ष इंजिनाकडे येऊ. इंग्लंडमधील डर्सले गावच्या लिस्टर कंपनीने 1930 च्या सुमारास संथ गतीचे डिझेल इंजिन काढले. त्यातील सहा अश्वशक्तीचे इंजिन मिनिटाला 650 फेरे करते. तिकडे त्याचे उत्पादन 1987 मध्ये थांबले, पण त्याच घाटाची इंजिने राजकोटला पुष्कळ बनली आणि आपल्याकडे विहिरींवर व पिठाच्या गिरण्यांत त्यांचा पुकपुक आवाज एके काळी गावोगाव ऐकू येई. दुसरा प्रकार किर्लोस्कर एव्ही-1 सारख्या इंजिनांचा : 80 मिलिमीटर बोअर, 110 मिलिमीटर स्ट्रोक, मिनिटाला 1500 फेरे. या दुसऱ्या प्रकारात ऑइलचा पंप असतो. पहिल्या प्रकारात, तसेच बहुतेक छोट्या पेट्रोल-रॉकेल जनरेटरांत, वंगण शिंतोड्यांचे असते. कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाला एक छोटा चमचा असतो, त्याला डिपर म्हणतात. प्रत्येक फेऱ्यात तो चेंबरमधील ऑइलमध्ये बुडतो आणि ऑइल उडवतो. त्या शिंतोड्यांवर सिलिंडर, कॅम, टॅपेट, गिअर सगळ्यांची गुजराण चालते. काही इंजिनांत डिपरला भोक असते व त्यातून ऑइल थेट बिगएंडमध्ये चढते.

हा चमचा बोटभर लांबीचा. ऑइल दोन बोटे खाली गेले, किंवा इंजिन कलून ऑइल एका कोपऱ्यात जमा झाले, की चमचा हवेतच फिरतो. मोटारीचे ऑइल अर्धा लिटर कमी झाले तर एकदम काही बिघडत नाही. छोट्या जनरेटरच्या चेंबरमध्ये एकूण ऑइलच सुमारे 600 मिलिलिटर! शिवाय 50 सायकलची वीज देण्यासाठी तो बहुधा मिनिटाला 3000 फेरे करतो, म्हणजे तासाला 1 लाख 80 हजार. अशा अनेक इंजिनांत कनेक्टिंग रॉड ॲल्युमिनियमचा असतो आणि त्याला वेगळे बेअरिंगही नसते. रॉडच थेट क्रँकवर फिरतो. पडदा गेला की तो काही मिनिटांत क्रँकला चिकटतो व तुटतो. मिरवणुकीत झाले ते असे. अशा इंजिनांच्या पुस्तिकेत सहसा 20 अंशांपेक्षा जास्त कलू देऊ नये असे छापलेले असते. पण पुस्तिका खोक्याबरोबर रद्दीत जाते. चढाच्या रस्त्यावर हातगाडीची पुढची बाजू वर होते, तेव्हा जनरेटरखाली मागच्या बाजूने पाचर सारण्याची सोय आधीच करून ठेवावी. आणि त्या वायरला कोणालाही हात लावू देऊ नये.

पातळी पाहण्याचीही रीत आहे. इंजिन सपाट जागी बंद करून पाच-दहा मिनिटे थांबावे, म्हणजे वर उडालेले ऑइल खाली उतरते. पट्टी पुसून मगच बुडवावी. जनरेटरच्या आट्यांच्या पट्टीचे बूच कित्येक इंजिनांत न आवळता नुसते टेकवून पातळी पाहायची असते. आवळून पाहिले तर ऑइल कमी असूनही पुरेसे दिसते. आपल्या इंजिनाची रीत पुस्तिकेत बघावी. 'थोडे जास्तच असू दे' म्हणून गळ्यापर्यंत भरणारेही आहेत. मग चमचा ऑइल घुसळतो, फेस होतो, ऑइल तापते आणि निळा धूर येतो. फेसात हवा असते, आणि हवेचा पडदा भार पेलत नाही.

बिगएंड उघडून पुन्हा बसवताना कॅप उलटी लागली तर डिपरचे तोंड फिरण्याच्या उलट दिशेला होते आणि ऑइल आत चढत नाही. खूण करूनच खोलावे. गॅस्केटला हल्ली जो ट्यूबमधला सिलिकॉन लावतात तो सढळ हाताने लावू नये. जास्तीचा आत सुटून त्याचे तुकडे ऑइलच्या भोकात अडकतात. चेंबर पुसायला कॉटन वेस्ट वापरू नये, त्याचे धागे राहतात. जुन्या धोतराचा धुतलेला फडका उत्तम.

ऑइल किती तासांनी बदलावे, हा सर्वांचा प्रश्न. येथे आम्ही विद्यार्थ्यांना एक गणित घालतो. 1500 फेऱ्यांच्या इंजिनात पिस्टन प्रत्येक फेऱ्याला 110 मिलिमीटर वर व तितकाच खाली जातो, म्हणजे 220 मिलिमीटर. मिनिटाला 330 मीटर. तासाला 19.8 किलोमीटर. विहिरीवर आठ तास इंजिन चालले तर पिस्टन त्या सिलिंडरमध्ये 158 किलोमीटर घासत गेला! आणि 100 तासांत क्रँकचे 90 लाख फेरे झाले. दुसऱ्या बाजूने पाहू. ताशी 40 किलोमीटरने चालणारी मोटारसायकल 100 तासांत 4000 किलोमीटर जाते. जो गृहस्थ मोटारसायकलचे ऑइल तीन हजार किलोमीटरला न चुकता बदलतो, तोच शेतावरच्या इंजिनात चार-चार महिने नुसते वरून ऑइल टाकत राहतो, कारण तेथे किलोमीटर मोजणारा काटा नाही. म्हणून तासांची वही ठेवावी. नव्या छोट्या पेट्रोल इंजिनाचे पहिले ऑइल साधारण 20 तासांनी व पुढे दर 100 तासांनी बदलावे, असे अनेक कारखाने सांगतात. डिझेलचा आकडा ज्याच्या त्याच्या पुस्तिकेप्रमाणे. धुळीत किंवा रॉकेलवर चालणाऱ्या इंजिनाला तो निम्मा धरावा. ऑइल गरम असतानाच काढावे, म्हणजे त्यात तरंगणारी घाण त्याच्याबरोबर निघते. थंड ऑइल काढले तर गाळ चेंबरच्या बुडाशीच बसून राहतो. ज्या इंजिनाला फिल्टर नाही त्याच्या ड्रेन प्लगला चुंबक लावणे ही फार स्वस्त आणि फार उपयोगी सुधारणा आहे. मात्र चुंबक सुटून क्रँकच्या वाटेत येणार नाही असा पक्का बसवावा.

ऑइल कोणते घालावे? घट्टपणाचा आकडा एसएई या खुणेने डब्यावर लिहिलेला असतो. एसएई 30 चे ऑइल 40 अंश उष्णतेला जितके घट्ट असते, त्याच्या साधारण नवव्या हिश्शाइतकेच ते 100 अंशांना उरते. 20डब्ल्यू-40 सारखी दुहेरी आकड्यांची ऑइले थंडीत फार घट्ट होत नाहीत व उष्णतेत फार पातळ होत नाहीत. पुस्तिकेत सांगितलेला आकडा घ्यावा, आणि डिझेल इंजिनाला डिझेलसाठीचेच ऑइल घ्यावे. त्यात काजळी धरून ठेवणारी द्रव्ये असतात. नवे ऑइल दोन दिवसांत काळे पडले म्हणून दुकानदाराशी भांडणारे आम्ही पाहिले आहेत. डिझेलमध्ये ते काळे पडणे म्हणजे ऑइल काजळी उचलते आहे याचीच खूण होय. फिल्टर नसलेल्या इंजिनात साधे, घाण खाली बसू देणारे ऑइल बरे, असेही एक मत आहे. आमच्या मते डिझेलच्या काजळीपुढे ते टिकत नाही. घाण धरणारे ऑइल घालून ते वेळेवर बदलणे अधिक सुरक्षित. बाजारात ऑइलमध्ये मिसळण्याच्या चमत्कारी बाटल्या मिळतात. तो पैसा पुढच्या ऑइलसाठी ठेवावा.

काळेपणावरून काही कळत नसेल तर तपासावे कसे? टीपकागद घ्यावा. चालवून नुकत्याच बंद केलेल्या इंजिनाच्या पट्टीवरचा एक थेंब त्यावर टाकून, कागद खालून कशाला टेकणार नाही असा आडवा ठेवून काही तास थांबावे. काळेपणा मध्यापासून कडेपर्यंत फिका होत पसरला तर ऑइलमध्ये अजून जीव आहे. मध्ये डांबरासारखा ठिपका, त्याची कड रेखीव आणि भोवती नुसतेच स्वच्छ तेल, असे दिसले तर ते काजळी सोडू लागले आहे. त्याच दिवशी बदलावे. पाणी शिरल्याचा संशय असेल तर गरम तव्यावर एक लहान थेंब टाकावा, चेहरा दूर ठेवून. चुरचुरले तर पाणी आहे. स्वयंपाकाचा तवा मात्र यासाठी घेऊ नये.

पट्टीवर ऑइल कमी न होता वाढलेले दिसले तर आनंद मानू नये. ते इंधन आहे. पेट्रोलवर सुरू होऊन रॉकेलवर चालणाऱ्या इंजिनांचा हा जुना रोग. पेट्रोल वाचवण्यासाठी इंजिन तापण्याआधीच कॉक रॉकेलवर फिरवतात. अर्धवट जळलेले रॉकेल सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइल धुऊन काढते व रिंगांमधून चेंबरमध्ये उतरते. पट्टीवर पातळी भरलेली, पण आत ऑइल पाण्यासारखे. इंजिन चांगले तापल्यावरच कॉक फिरवावा आणि बंद करण्यापूर्वी काही मिनिटे पुन्हा पेट्रोलवर आणावे. रेशनवरचे रॉकेल आता कमी झाले असले तरी अशी इंजिने अजून वापरात आहेत.

डिझेल पंपांच्या बाबतीत याचेच दुसरे रूप दिसते. पंपाच्या पाण्यातीलच एक धार इंजिन थंड ठेवायला जाकिटातून फिरवतात, आणि 'इंजिन जितके थंड तितके आयुष्य जास्त' असे समजून तिचा कॉक पूर्ण उघडा ठेवतात. विहिरीचे थंड पाणी सतत वाहिल्याने सिलिंडर कधी तापतच नाही. जळणातून निघालेली वाफ त्याच्या भिंतीवर दवासारखी जमते व गंधकाबरोबर आम्ल तयार होते. देशभर एप्रिल 2020 पासून मिळणाऱ्या डिझेलमध्ये गंधक दहा लाखांत फार तर 10 भाग इतकेच असते, त्यामुळे आम्लाचा त्रास बराच घटला आहे. पण पाणी आणि काजळी यांचा चिखल होतोच. कॉक हळूहळू इतका दाबावा की बाहेर पडणाऱ्या पाण्यात हात फार वेळ ठेववणार नाही. धार पूर्ण बंद मात्र होता कामा नये.

धुळीबद्दल फार लिहीत नाही. वाळूचा कण पोलादालाही ओरखडतो, आणि ऑइलच्या पडद्याएवढ्या जाडीचा कण सर्वांत घातक. ऑइलबाथ एअर फिल्टरमधले ऑइल चेंबरच्या ऑइलबरोबरच बदलावे. गिरणीत पिठाने फिल्टर कोंदतो, हवा कमी पडते, काळा धूर येतो आणि तीच काजळी ऑइलमध्ये उतरते. तेव्हा इंजिन पिठाच्या खोलीत ठेवू नये.

इंजिन रात्रभर थांबले की वरचे ऑइल खाली निथळते. डीकॉम्प्रेशन लिव्हर उचलून, इंधन बंद ठेवून, हँडलने वीस-पंचवीस फेरे द्यावेत, मग सुरू करावे. जुने गिरणीवाले हे न शिकवता करीत. सुरू होताच पूर्ण भार टाकू नये.

फवारणीच्या टू-स्ट्रोक पंपात चेंबरचे ऑइल नसतेच. वंगण पेट्रोलमध्येच मिसळावे लागते. एका लिटरला 40 मिलिलिटर म्हणजे 25 ला 1, आणि 20 मिलिलिटर म्हणजे 50 ला 1. प्रमाण पुस्तिकेप्रमाणे आणि ऑइल 2टी प्रकारचेच. मोटारसायकलच्या इंजिनात बहुधा क्लचही त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो, म्हणून डब्यावर जासो एमए ही खूण पाहावी. मोटारगाडीच्या काही ऑइलांनी क्लच घसरतो.

राहिले जळके ऑइल. ते जनावरांच्या जखमेला लावतात, खांबांना फासतात, कोणी गटारात ओततात. या ऑइलमध्ये ज्वलनाची विषारी द्रव्ये उतरलेली असतात. त्याचा कातडीशी वारंवार संबंध आल्यास कर्करोगाचा धोका असतो. गॅरेजमध्ये काम शिकणाऱ्या मुलांनी हात कोपरापर्यंत साबणाने धुवावेत, पेट्रोलने नव्हे, आणि ऑइलाचा बोळा खिशात ठेवू नये. विहिरीजवळ बदललेले ऑइल विहिरीतच झिरपते. ते झाकणाच्या कॅनमध्ये साठवून परवानाधारक पुनर्शुद्धीकरण करणाऱ्याकडे जाईल असे पाहावे. नुसते गाळून तेच पुन्हा इंजिनात कधीही घालू नये. नव्या ऑइलचे रिकामे डबे भंगारात देण्यापूर्वी त्यांना खिळ्याने भोक पाडावे, म्हणजे तेच काळे ऑइल पांढरे करून, त्याच डब्यात भरून कोणी पुन्हा आपल्यालाच विकणार नाही.